एक मत माणसाला

जबलपुरातल्या चेरीतालच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर गुणवंतराव रामटेक्यांना 'जर्मनीवाले' म्हणत, आणि ते काही कौतुकानं म्हणत नसत. आपल्या वॉर्डात नगरसेवक कोण निवडून आला हे या गृहस्थांना आठवडाभरानं कळायचं. पण जर्मनीत कुठल्या पक्षानं कुठल्या पक्षाशी बोलणी मोडली, हे मात्र सकाळी तोंड धुवायच्या आधी ठाऊक असायचं. उमेदीची सगळी वर्षं वीज मंडळात लाइनमन म्हणून खांबांवर काढलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर गुडघे दुखतात म्हणून जो खाली बसला, तो थेट जर्मनीच्या राजकारणातच जाऊन बसला.

"तिथं एका माणसाले दोन मतं असतात, मास्तर," ते अच्युतरावांना सांगायचे. अच्युतराव कानडे निवृत्त शिक्षक. त्यांचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. "एक मत माणसाले, एक मत पक्षाले. माणूस आवडला अन् त्याचा पक्ष नाही आवडला, तर दोन्ही वेगवेगळे टाकता येतात."

"आपल्याकडेही काही जण दोन-दोन टाकतात," अच्युतराव चहात बिस्कीट बुडवत म्हणायचे. "तुमच्या जर्मनीनं ते कायद्यात बसवलंय, एवढंच."

"अन् बोटाले शाई पण लावत नाही."

"शाई नाही? मग भरवसा कशावर ठेवतात?"

"माणसावर," गुणवंतराव म्हणायचे आणि त्या देशाचा सगळा कारभार आपणच मार्गी लावून दिल्यासारखे ऐटीत बघायचे.

हे वेड काही आभाळातून पडलेलं नव्हतं. त्यांची एकुलती एक लेक विनता नर्स होती. नागपुरात राहून ती जर्मन भाषा शिकली, परीक्षा दिली आणि तीन वर्षांपूर्वी जर्मनीच्या पूर्व भागातल्या एका लहानशा गावी, तिथल्या इस्पितळात नोकरीला लागली. विमानतळावर निरोप देताना गुणवंतराव हसतमुख होते. घरी आले आणि तिच्या खोलीतला पंखा विनाकारण उघडून दुरुस्त करत बसले. पंखा चांगला चालत होता.

मग रोज संध्याकाळी फोन. विनता तिथलं एकेक सांगायची आणि गुणवंतराव ते दुसऱ्या दिवशी टपरीवर वाढवून सांगायचे. रविवारी तिथं भिंतीत खिळा ठोकायचा नाही, शेजाऱ्याला त्रास होतो. कचऱ्याचे डबे रंगवार वेगळे, आणि दह्याचा रिकामा डबा चुकीच्या रंगात पडला तर खालच्या मजल्यावरची म्हातारी घरमालकीण तो उचलून वर आणून दाखवणार. या म्हातारीला विनता 'ओमा' म्हणायची. तिकडे आजीला ओमा म्हणतात. गुणवंतरावांनी तिची ओमाबाई केली.

ओमाबाई त्यांना फार आवडायची, त्याला एक कारण होतं. एकदा विनताशी बोलताना ती म्हणाली होती, "मी याच स्वयंपाकघरात उभी होते आणि माझा देश संपला. दुसरा देश आला. मी कुठे गेले नव्हते, बटाटे सोलत होते." पूर्व जर्मनी पश्चिमेत मिसळली तेव्हाची ही गोष्ट. विनतानं ती सांगितली आणि गुणवंतराव ताडकन उठून बसले.

"हे तर आमच्या बापाचं झालं!"

त्यांचा बाप लहानू भंडाऱ्याकडून जबलपुरात मजुरीला आला तेव्हा दोन्ही गावं एकाच प्रांतात होती. छप्पन साली लहानू नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि त्याच्या पाठोपाठ प्रांतांची फेरवाटणी झाली; भंडारा मराठी मुलखात गेलं, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं. महिन्याभरात त्याचा धर्मही बदलला आणि प्रांतही. पहिला त्यानं स्वतः बदलला, दुसरा त्याला कोणी विचारलं नाही. खोली तीच, काम तेच, पण कालपर्यंत 'आपल्याच प्रांतातला' असलेला लहानू आता 'महाराष्ट्रवाला' झाला. खोली भाड्यानं मागायला गेला की आधी आडनाव विचारायचे, मग गाव विचारायचे, मग खोली नुकतीच दिल्याचं सांगायचे. लहानपणी बापाचं बोट धरून गुणवंतरावांनी अशा खोल्या पाहिल्या होत्या. म्हणून 'बाहेरचा' हा शब्द त्यांच्या कानाला फार लवकर टोचायचा.

आणि नेमका तोच शब्द आता तिकडच्या बातम्यांत रोज येऊ लागला. विनताच्या राज्यात निवडणूक होती. बाहेरून आलेली माणसं आम्हाला नकोत असं उघड म्हणणारा एक पक्ष गावोगाव जोर धरत होता. विनताच्या घरासमोर एक आडदांड माणूस राहायचा. त्याच्याकडे वासराएवढा कुत्रा. त्या माणसानं आपल्या कुंपणावर त्या पक्षाची मोठी पाटी लावली. विनतानं ती सहज बोलता बोलता फोनवर दाखवली.

"तो कुत्रेवाला तुले काही बोलला?"

"नाही बाबा. सकाळी मी नमस्कार करते, तो मान हलवते. कुत्रा शेपूट हलवते."

"कुत्र्याले मत नसते," गुणवंतराव म्हणाले.

मतदान रविवारी झालं आणि निकाल त्याच रात्री लागला. विनताच्या गावात त्या पक्षाला सगळ्यात जास्त मतं पडली. गुणवंतरावांना रात्रभर झोप लागली नाही. ज्या गल्लीतून आपली पोर रोज कामावर जाते, त्या गल्लीत दर दोन-तीन घरांआड एक घर तिला नको म्हणतं, हा हिशेब त्यांच्या डोक्यातून जाईना. त्यात येत्याच शनिवारी विनताचं नोंदणी लग्न होतं. मुलगा श्रीकांत, नागपूरचा, तिकडेच एका कारखान्यात कामाला; दोघांची ओळख बाबासाहेबांच्या जयंतीला झाली होती. तिथल्या कायद्यानं आधी नोंदणी आणि मग डिसेंबरात जबलपुरात आपल्या पद्धतीनं लग्न, असं ठरलेलं होतं.

सोमवारी गुणवंतरावांनी फोनवर फर्मान काढलं. "डिसेंबरात या. दोघंही या. अन् परतीचं तिकीट काढू नका."

 विनताच्या वॉर्डातले म्हातारे रुग्ण, श्रीकांतची नोकरी, एवढ्या कष्टानं शिकलेली भाषा, हे सगळं बापाला कसं सांगावं ते तिला सुचेना. शेवटी म्हणाली, "ठीक आहे बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

सत्यवतीबाई, म्हणजे गुणवंतरावांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तिले विचारलं का, की सांगितलं?"

 गुणवंतराव दिवसभर तो प्रश्न कानात घेऊन फिरले.

शुक्रवारी संध्याकाळी अच्युतराव आले होते. उद्या लेकीची नोंदणी म्हणून सत्यवतीबाईंनी शिरा केला होता. व्हिडिओवर विनता उद्याची पांढरी साडी अंगावर धरून दाखवत होती. तिकडे आत्ता कुठे ऊन उतरत होतं. सत्यवतीबाई पदर कसा घ्यायचा ते समजावत होत्या आणि गुणवंतराव मध्येच म्हणत होते, "थंडी असेल तर वरून स्वेटर घालजो," आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नव्हतं.

तेवढ्यात तिकडे खाली काहीतरी फुटलं. खळ्ळकन. मग आणखी. मग एकदम पुष्कळ, आणि माणसांचं ओरडणं.

विनता खिडकीकडे धावली. फोन कुठे तरी आडवा पडला आणि पडद्यावर फक्त छत दिसायला लागलं. "बाबा, खाली माणसं जमलीत," तिचा आवाज लांबून आला. "खूप माणसं." पुन्हा खळ्ळ. दार उघडल्याचा आवाज. आणि फोन बंद.

 गुणवंतरावांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. श्रीकांतला लावला, त्याचा बंद.

"काच फोडून राहिले का जी?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"काच नाही," गुणवंतराव म्हणाले. "चिनी माती आहे." तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. वादळात खांबावरचा, तारा धरणारा चिनी मातीचा इन्सुलेटर फुटून दगडावर पडायचा तेव्हा असाच जड आवाज यायचा, आणि त्यानंतर अख्ख्या मोहल्ल्यात अंधार व्हायचा. पण लोकांनी जमून चिनी माती काहून फोडावी, ते त्यांना कळेना, आणि न कळल्यानं भीती आणखीच वाढली.

"पोलीस," ते म्हणाले. "मास्तर, जर्मनीच्या पोलिसांचा नंबर पाहा."

अच्युतरावांनी चष्मा लावून मोबाइलमध्ये शोधलं. "मिळाला. पण इथून लावला तर आपल्याच कुठल्या तरी ठाण्यात लागेल हो."

"मग त्यांनाच सांगा!"

"काय सांगू? जर्मनीत कपबशा फुटतायत म्हणून?"

एरवी या बोलण्यावर दोघं हसले असते. गुणवंतराव मात्र उसळले. "मी सांगितलं होतं! काहून राहायचं तिथं? ज्याले आपण नको, त्याच्या दारात काहून राहायचं? माझ्या बापानं हेच केलं अन् जन्मभर मान खाली घालून राहिला! मी पोरीले पाठवलंच काहून?"  ते पलंगाच्या कडेवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

सत्यवतीबाई बाबासाहेबांच्या फोटोखाली जाऊन बसल्या होत्या. "ओरडू नका," त्या हळूच म्हणाल्या. "इथं ओरडून तिकडे ऐकू जात नाही."

 अच्युतरावांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. शिरा गार होऊन गेला. सुमारे अर्ध्या तासानं फोन वाजला. सत्यवतीबाईंनी उचलला.

पडद्यावर विनता होती. केसांत धूळ, गाल लाल, हातात मोठा झाडू. आणि ती हसत होती.

"आई! अगं आई, काय सांगू तुले... बाबा, तुम्ही रडून राहिले का?"

"तू ठीक आहेस ना?" गुणवंतराव ओरडले. "कोणी मारलं? किती जण होते?"

"अख्खी गल्ली होती! बाबा, इथं लग्नाच्या आदल्या संध्याकाळी लोक येऊन दारात भांडी फोडतात. रीत आहे. मोठा आवाज झाला की वाईट गोष्टी पळून जातात म्हणे. आमंत्रण द्यायचंच नसते, ज्याले माहीत आहे तो घरची जुनी ताटली घेऊन येते. चिनी मातीचीच लागते, काच चालत नाही. मले कोणी काही सांगितलंच नाही! मी पण घाबरली. जिन्यातच बसून गेली. फोन वरच राहिला अन् मले तुमची आठवणच राहिली नाही, सॉरी बाबा."

 छातीवरून धोंडा उतरावा तसा गुणवंतरावांनी एक लांब श्वास सोडला, मग दुसरा. "भांडी," ते म्हणाले. "भांडी फोडायले आले." आणि रडता रडता त्यांना जे हसू आलं ते आवरेचना. अच्युतरावही हसत सुटले.

"पण तुझ्याच दारात काहून?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

विनताचं हसू जरा थांबलं. "तेच तर, आई. ही भांडी नवरीच्या माहेरी फोडायची असतात. आई-बापाच्या दारात. ओमानं गल्लीत सगळ्यांना सांगितलं, हिचं माहेर फार दूर आहे, तिथपर्यंत ताटल्या घेऊन कोण जाईल? तेव्हा उद्यापर्यंत हिचं माहेर माझ्या दारात. पहिली बशी तिनंच फोडली. तिच्या आईची होती."

सत्यवतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ज्या बाईला आपण कधी पाहिलं नाही, तिनं आपली जागा अशी धरून ठेवली, याचं त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी फोनलाच हात जोडले.

तेवढ्यात पडद्यावर मागून एक आडदांड माणूस ढकलगाडी घेऊन आला. गाडीत हात धुवायचं जुनं अख्खं बेसिन होतं. त्याच्या मागे वासराएवढा कुत्रा. माणसानं बेसिन उचललं, डोक्याच्या वर नेलं आणि दणकन आपटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यानं विनताच्या पाठीमागे उभ्या असलेल्या श्रीकांतच्या हातात दुसरा झाडू दिला आणि खुणेनं सांगितलं, झाड.

"हा तर कुत्रेवाला!" गुणवंतराव म्हणाले.

"हो. नियम असा की नवरा-नवरीनं मिळून सगळं झाडायचं. म्हणून हा मुद्दाम मोठं आणून राहिला, आम्हाले त्रास व्हावा म्हणून. घरी संडासाचं भांडं पण ठेवलं आहे म्हणतो."

"अन् पाटी?"

"पाटी आहे कुंपणावर."

"मग यानं मत कोणाले दिलं?"

विनतानं आवाज खाली आणला. "त्यांनाच, बाबा. निकालानंतर मी विचारलं होतं. म्हणाला, तू वेगळी."

 'तू वेगळी' हे शब्द गुणवंतरावांना नवे नव्हते. 'तुम वैसे नहीं हो, लहानू' असं बापाला म्हणणारी माणसं त्यांनी पाहिली होती. हे बोल अर्धे गोड आणि अर्धे कडू असतात, आणि दोन्ही अर्धे एकदमच गिळावे लागतात. पण त्याच माणसांपैकी एकानं बाप आजारी पडला तेव्हा सायकलवर बसवून त्याला दवाखान्यात नेलं होतं, हेही त्यांना आता आठवलं.

"मास्तर," ते सावकाश म्हणाले, "त्यानं एक मत पक्षाले दिलं."

"आणि दुसरं?"

"दुसरं आत्ता दिलं. बेसिनसकट."

अच्युतराव मोठ्यानं हसले. "म्हणजे तुमची ती दोन मतांची भानगड कामाची आहे तर!"

"पक्षवालं मत वाईट आहे," गुणवंतराव म्हणाले. "ते वाईटच. ते मोजायचं अन् ध्यानात ठेवायचं. पण दुसरं पण मोजायले पाहिजे ना?"

मग ते उठले. पुढच्या दाराला टेकू म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं एक जुना इन्सुलेटर ठेवलेला होता, निवृत्त होताना साथीदारांनी आठवण म्हणून दिलेला. तो त्यांनी उचलला आणि उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर सगळा जोर लावून आपटला. इन्सुलेटर टणकन उडाला, पायरीवरून घरंगळत अच्युतरावांच्या चपलेवर जाऊन थांबला. टवकासुद्धा उडाला नाही.

"काहून फेकून राहिले? फरशी फुटेल ना!" सत्यवतीबाई ओरडल्या.

"खरं माहेर इथं आहे," गुणवंतराव म्हणाले. "इथं पण फुटायले पाहिजे."

"मग फुटणारं तरी घ्या!" सत्यवतीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि कान तुटलेला चिनी मातीचा कप घेऊन आल्या. तो फेकून द्या म्हणून गुणवंतराव कित्येक वर्षं मागे लागले होते, आणि त्या 'काही तरी कामी येईल' म्हणून जपत होत्या. त्यांनी तो उंबऱ्यावर आपटला. झकास फुटला. फोनमधून विनताची आनंदाची आरोळी आली, मागे ओमाबाईनं टाळ्या पिटल्या आणि कुत्रा भुंकला.

"आता झाडा," विनता म्हणाली. "दोघांनी मिळून. नियम आहे."

आपल्या उभ्या संसारात गुणवंतरावांनी झाडू हातात धरलेला कोणी पाहिला नव्हता. त्यांनी तो कोपऱ्यातून उचलला, उलटा धरला, बायकोनं सुलटा करून दिला. त्या सुपली धरून बसल्या आणि ते वाकून, गुडघे दुखत असताना, तुकडे लोटू लागले. अच्युतराव फोन हातात धरून दोघांना तिकडे दाखवत उभे राहिले आणि म्हणाले, "घ्या, जर्मनीनं आमच्या गुणवंतरावांना पण कामाला लावलं!"

सत्यवतीबाई हसत होत्या. मग त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. सोमवारचा प्रश्न त्या नजरेत अजून तसाच होता.

गुणवंतराव कंबर धरून सरळ झाले. फोनमध्ये विनता आणि श्रीकांत बेसिनचे तुकडे लोटत होते आणि ओमाबाई हे तुकडे कोणत्या डब्यात टाकायचे ते बोट दाखवून सांगत होती.

"विनता," त्यांनी हाक मारली.

"हो, बाबा?"

"सोमवारी मी तुले सांगितलं होतं. विचारलं नव्हतं." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "आता विचारून राहिलो. तुले तिथंच राहायचं आहे का?"

विनताच्या हातातला झाडू थांबला. तिनं होकारार्थी मान हलवली, आणि त्या हलण्यातच तिचे डोळे भरून आले.

"अच्छा," गुणवंतराव म्हणाले. पुन्हा झाडू उचलला. "चलो, मग डिसेंबरात येशील तेव्हा परतीचं तिकीट पण काढजो."